भात्यामागची जागा

आमच्या चर्चमधल्या ऑर्गनला गावात कोणी ऑर्गन म्हणत नाही, नळ्यांची पेटी म्हणतात. पेटी म्हटली की मांडीशी घेऊन वाजवायची, पण ही तर भिंतीएवढी. हिला मांडीशी घ्यायला हत्तीण लागेल, असं मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात बोलून गेले. सासूबाईंना ते रुचलं नाही. "देवाच्या वस्तूची चेष्टा करू नगं," त्या म्हणाल्या. पुढची तीसेक वर्षं दर रविवारी त्या देवाच्या वस्तूपुढे बसून मी वाजवलं, आणि चेष्टाही करत राहिले.

मी साताऱ्याची. आमच्या तिथल्या चर्चमध्ये पायपेटी होती आणि माझे वडील ती वाजवत. त्यांचे डोळे अधू झाल्यावर मी वाजवू लागले. पायपेटीचं बरं असतं. आपल्याच पायांनी हवा भरायची, आपल्याच हातांनी वाजवायची, कोणाचे उपकार नाहीत. नळ्यांच्या पेटीला मात्र दोन माणसं लागतात. एक पुढे वाजवायला बसतो आणि दुसरा पाठीमागे, लाकडी कपाटाच्या आड उभा राहून, मोठा दांडा वरखाली करत भात्यात हवा भरतो. मागच्याने हात थांबवला की पुढच्याच्या बोटांखाली नुसती लाकडाची फळकुटं उरतात.

स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा पलूसच्या बाजूला साखर कारखान्यात फिटर आहे, निर्व्यसनी आहे, एवढंच सांगितलं होतं. रविवारी तो भाता मारतो हे लग्नानंतर कळलं. त्याचे वडीलही भाताच मारायचे आणि आजोबाही. वाजवणाऱ्या बाईंनी त्याच वर्षी हात टेकले होते, हेही मग कळलं. म्हणजे ही मंडळी साताऱ्याला सून शोधायला आली होती की वाजवणारी, याचा मला कधीच नीट उलगडा झाला नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "एका तिकिटात दोन कामं झाली. तुझं काय नुसकान झालं?"

पेटी जर्मनीहून आलेली. कर्नाटकाच्या बाजूने जर्मन पाद्री वर सरकत सरकत आमच्या गावापर्यंत आले आणि त्यांच्यातल्या एकाने इथे काळ्या दगडाचं चर्च बांधलं. त्यानेच ही पेटी मागवली. बोटीने मुंबई, रेल्वेने मिरज आणि मिरजेहून बैलगाड्यांतून गाव, असा तिचा प्रवास. नळ्या गवतात गुंडाळून लांब खोक्यांत भरलेल्या होत्या. पाद्र्याने तोफा आणल्या अशी गावात हूल उठली, मग कोणी म्हणालं तोफा नव्हेत, विहिरीचे पाइप आहेत, आणि शेजारच्या वाडीतला एक शेतकरी खरंच आपल्या विहिरीसाठी एक मागायला आला. साहेबाने गावातल्या सुताराला हाताशी धरून पेटी स्वतः जोडली. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा बाहेर झाडाला बांधलेले बैल दावी तोडून पळाले. हे मला सासऱ्यांनी सांगितलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, आणि ते स्वतः त्या वेळी आत भाता मारत होते, म्हणजे बैल त्यांनाही दिसले नसणार. पण गोष्ट चांगली आहे.

पुढे दुसरं महायुद्ध लागलं आणि जर्मन म्हणून पाद्रीसाहेबाला इंग्रज सरकारने धरून नेलं. पोलिसांनी चर्चही तपासलं. पेटीतून जर्मनीला बातम्या जात असाव्यात असं एका हवालदाराच्या डोक्यात बसलं, म्हणून त्याने नळ्या काढून तोंडाने फुंकून बघितल्या. सासरे गाल फुगवून ते करून दाखवायचे. साहेब परत आला नाही. त्याच्यानंतर देशी पाळक आले, एकामागून एक बदलत गेले. पेटी तिथेच राहिली.

तिच्यावर पुढच्या बाजूला एक पितळी पाटी आहे, जर्मन अक्षरांची. म्हाताऱ्या बायका चर्चमध्ये शिरताना तिला हात लावून हात कपाळाला नेत. शास्त्रवचन लिहिलंय असा सगळ्यांचा समज. माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग शिकताना जर्मन शिकला, सुट्टीत आला आणि त्याने पाटी वाचली. तिच्यावर पेटी बनवणाऱ्याचं नाव होतं आणि त्याच्या गावाचा पत्ता. मी ते सासूबाईंना सांगितलं. त्या पुढच्या रविवारी पुन्हा पाटीला हात लावून आत गेल्या. म्हणाल्या, "आसंल. त्यालाबी देवानंच केलं हाय."

आता आमच्या चर्चमधल्या मयताच्या एका रीतीबद्दल सांगते, कारण माझं सगळं गाडं तिथेच अडून बसलं होतं.

पाद्रीसाहेबाची मडम इथेच तापाने गेली, साहेबाला नेण्याच्या बरीच आधी. तिच्या दफनाच्या उपासनेत साहेब स्वतः पेटी वाजवायला बसला होता आणि मागे माझे आजेसासरे होते. मडमने त्यांना लहानाचं मोठं केलेलं, त्यांचे आईबाप प्लेगात गेलेले. शेवटचं गीत संपलं. साहेबाने शेवटचे सूर धरून ठेवले, आणि मागे आजेसासऱ्यांना रडू फुटलं. दांडा हातातून सुटला. भाता आपल्या वजनाने बसत गेला, तसतसे सूर खाली घसरत, थरथरत, बारीक होत एकेक करून विझले. जाड लाकडी नळीचा सूर सगळ्यात शेवटी गेला. साहेबाने बोटं उचलली नाहीत. लोकांना वाटलं, जर्मन लोकांत माणूस गेल्यावर असंच करतात. शेवटचा सूर विझेपर्यंत सगळे जागेवर बसून राहिले.

पुढच्या मयताला लोकांनीच आठवण करून दिली की मडमच्या वेळी केलं तसं करा. झालं, रीत पडली. आमच्याकडे तिला श्वास सोडणं म्हणतात. शेवटचं गीत झालं की वाजवणाऱ्याने सूर धरून ठेवायचे, मागच्याने दांडा सोडून द्यायचा, आणि शेवटचा सूर विझेपर्यंत कोणी उठायचं नाही. बाळंतिणीपासून सरपंचापर्यंत, मंडळीतला जो गेला त्याचा श्वास असा सुटला. जगात दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये हे करत नाहीत. एकदा बाहेरगावचे एक मोठे पाळक आले होते, ते म्हणाले की याला धर्मात कुठे आधार नाही. आमचे वडीलधारे म्हणाले, नसंल. आणि रीत चालू राहिली.

मी आणि माझ्या नवऱ्याने मिळून गावातल्या किती माणसांचे श्वास सोडले ते मला मोजताही येणार नाही. सासऱ्यांचा सोडला, सासूबाईंचा सोडला. मी पुढे, तो मागे. आम्ही एकमेकांना कधी दिसायचो नाही, मध्ये सगळ्या नळ्या. मी टाच दोनदा लाकडी फळीवर आपटली की तो भाता मारायला लागायचा, एवढीच आमची खूण. पण तो मागे आहे हे मला प्रत्येक सुराला कळायचं. दांडा वरून खाली येताना हवेला बारीकसा हिसका बसतो, तो लांबलेल्या सुरात ऐकू येतो. बाहेरच्या माणसाला तो दोष वाटेल. मला त्या हिसक्यावरून त्याचा खांदा दुखतोय की नाही ते समजायचं.

शनिवारी भांडण झालं असलं की रविवारी हवा कमी यायची. मुद्दाम. गीत ऐन भरात आलं की सूर मरतुकडे व्हायचे आणि लोक माझ्याकडे बघायचे. मग मीही पेटीचे सगळे खटके ओढून सगळ्या नळ्या एकदम बोलत्या करायची आणि सात-आठ कडव्यांचं लांबलचक गीत धरायची. एवढ्या नळ्यांना हवा पुरवता पुरवता तो घामाघूम व्हायचा. घरी जाताना शर्ट पाठीला चिकटलेला. "हवा काय फुकट येती व्हय?" असं म्हणायचा. मी म्हणायची, "मग शनिवारी तोंड आवरायचं." तिथे भांडण मिटायचं. सायकलच्या दांडीवर पिशवी अडकवून आम्ही चालत घरी यायचो, आणि मला वाटायचं हे असंच चालायचं.

तो आजारी पडला तो वर्षभर अंथरुणावर होता. त्या वर्षात पेटी बंद राहिली. कृष्णेच्या मोठ्या पुरात चर्चमध्ये पाणी शिरलं होतं तेव्हाच भात्याचं चामडं ओलावून कमकुवत झालेलं, त्यात आता उंदरांनी ते कुरतडून टाकलं. मला ते कळलंच नाही. मी दवाखान्याच्या फेऱ्या करत होते. चर्चमध्ये कीबोर्ड आला. बँकेत नोकरी करणारा एक सज्जन माणूस तो वाजवतो, चांगला वाजवतो, त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

नवरा गेला तेव्हा मी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले होते. पेटीपुढे नाही, बाकावर. कीबोर्डवर त्याच्या आवडीचं गीत झालं. शेवटचे सूर लांबले. बँकवाल्याने बिचाऱ्याने आवाज हळूहळू कमी करत नेला, त्याला रीत ठाऊक होती, आणि मग बटण बंद केलं. टक् असा आवाज झाला. लोक क्षणभर बसले आणि मग उठले.

ज्या माणसाने सगळ्या गावाचे श्वास सोडले त्याचा श्वास सुटला नाही. मला दुसरं दुःख करायला सवड मिळायच्या आधी हेच लागलं. चार लोकांनी सांगितलं की देवाच्या दारात असल्या गोष्टींनी काही अडत नाही. मला ते माहीत होतं. मी लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेली आहे, मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण माझं अडत होतं.

मुलगा म्हणाला पुण्याला चल. मी गेले, पंधरा दिवस राहिले, अकराव्या मजल्यावरून गाड्या बघितल्या आणि परत आले. इथे निदान भांडायला माणसं आहेत. पण खरं सांगायचं तर तीही नव्हती. मी गावच्या शाळेत शिक्षिका होते, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या बाईशी लोक अदबीने बोलतात, आणि अदबीने बोलणारं माणूस दोन मिनिटांत निघून जातं. मी एकटीपुरती खिचडी टाकायची, तीही दोन वेळा पुरायची. शनिवारी कोणाशी भांडण होत नव्हतं. रविवारी चर्चला जाताना मला चालायची घाई नसायची. घरी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला मी उलट उत्तरं द्यायला लागले, तेव्हा माझं मलाच हसू आलं आणि मग रडू आलं.

गेल्या पावसाळ्यानंतर चर्चला रंग द्यायचं ठरलं. पंच कमिटीची बैठक झाली. पेटी खोलून मागच्या खोलीत ठेवावी, जागा मोकळी होईल, तिथे गीतांचे शब्द दाखवायला पडदा लावता येईल, असं निघालं. कोणी वाईट बोललं नाही. वाजत नसलेली वस्तू आहे, उंदीर होतात, हे खरंच होतं. मी म्हणाले, "मी दुरुस्त करून आणते. वाजली तर ठेवा, नाही वाजली तर काढा. पण काढायच्या आधी मला एक उपासना द्या. ह्यांच्या स्मरणाची." अध्यक्षांनी मान हलवली. नंतर बाहेर येऊन म्हणाले, "बाई, वाजवाल तुमी, पण भाता कोण मारणार?" मी म्हणाले बघू.

मिरजेत सतारी-तंबोऱ्यांचं काम करणारी मुसलमान घराणी आहेत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे माझ्या वडिलांची पायपेटी दुरुस्तीला जायची. मी त्याला चाचा म्हणायची. चाचा आता खूप थकला आहे, पण रिक्षा करून आला. पेटीच्या पुढे उभा राहून त्याने मान वर केली आणि नळ्या खालपासून वरपर्यंत बघितल्या. मग म्हणाला, "आवं बाई, हे जनावर मी पयल्यांदाच बघतोय. मला ह्यातलं काय बी कळत न्हाई. पण चामडं म्हंजे चामडं. भाता भाईर काढून द्या, शिवून बघतो."

भाता चार गड्यांनी उचलून बाहेर चिंचेखाली आणला. चाचाने पहिल्यांदा लावलेली चामड्याची पट्टी उलट्या बाजूने लागली आणि सगळं परत उकलावं लागलं. दुसऱ्यांदा सरस नीट वाळला नाही. तो आपल्यावरच चिडायचा, चहा मागायचा, परत बसायचा. मी खुर्ची टाकून जवळ बसायची आणि त्याला पेटीच्या गोष्टी सांगायची. मडमची गोष्ट सांगितली, श्वास सोडायची रीत सांगितली. नवऱ्याचं काय झालं तेही सांगितलं. कितीतरी महिन्यांनी मी कोणाशी एवढं बोलत होते. चाचा सगळं ऐकून म्हणाला, "म्हंजे तुमच्यात चूक झाली ती रीत झाली. आमच्यात बी लय रिती आशाच आल्यात."

भाता परत आत बसला तेव्हा मुलगा पुण्याहून आला होता. त्याला सगळं माहीत होतं, फोनवर मी दुसरं बोलतच नव्हते. तो एक विजेचा पंखा घेऊन आला होता, ब्लोअर. तो भात्याला जोडायचा, बटण दाबलं की भाता आपोआप भरलेला राहतो. त्याने इलेक्ट्रिशियन बोलावून मागच्या बाजूला, दांड्याशेजारी, बटण बसवून घेतलं. दांडा तसाच ठेवला. "आई, आता तुला कोणाची गरज नाही," तो म्हणाला. फार प्रेमाने म्हणाला. पोटच्या पोराने एवढा खटाटोप केला, त्याला मी काय सांगणार होते?

मी वाजवायला बसले. सवयीने टाच दोनदा आपटली. मागून मुलाने बटण दाबलं आणि पेटी बोलायला लागली. इतकी सुंदर ती कधीच वाजली नव्हती. मी एक सूर धरला आणि धरूनच ठेवला. हवा कमी पडेना. मी सगळे खटके ओढले, सगळ्या नळ्या मोकळ्या केल्या, तरी हवा कमी पडेना. मी त्या हिसक्याची वाट बघत होते आणि तो काही येईना. सूर सरळ पुढे जात राहिला. मागे कोणी नव्हतं, आणि ते प्रत्येक सुरात ऐकू येत होतं. मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "काय झालं? बरोबर नाही का?" मी म्हणाले, बरोबर आहे, अगदी बरोबर आहे.

कमिटी खूश झाली. पेटी जागेवर राहणार, पडदा दुसऱ्या भिंतीवर लागणार. माझ्या उपासनेचा दिवस ठरला.

स्मरणाच्या उपासनेत श्वास सोडायचा तर कसा, यावर बँकवाल्याने उपाय सुचवला. "बाई, तुम्ही सूर धरा, मी मागे जाऊन बटण बंद करतो. भाता आपोआप बसेल, अगदी तसंच होईल." तसंच झालं असतं, हे मलाही कळत होतं. पण एकदा बटणाने झालं होतं, पुरे. दांड्यानेच व्हायला हवं होतं, आणि दांडा दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला माझं मन तयार नव्हतं. त्याचा श्वास माझ्या हातून सुटायला हवा होता. अडचण एवढीच की सूर धरणारीही मीच होते. पुढेही मी आणि मागेही मी, हे जमायचं कसं?

आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे जुनी लोखंडी वजनं पडून आहेत. काटा आता विजेचा झाला, वजनं पोत्यावर ठेवायच्या कामाची राहिली. त्याच्याकडून मी लहान लहान काही वजनं मागून आणली. स्वरपट्टीवर एकेक ठेवून बघितलं. पट्टी दाबली गेली आणि दाबलेली राहिली. किराणावाल्याला वाटलं मी घरी लोणचं घालतेय.

उपासनेला चर्च बऱ्यापैकी भरलं होतं. मुलगा, सून पुढच्या बाकावर. चाचा मिरजेहून आला होता. आपण लावलेलं चामडं फाटलं तर लगेच हाताशी असावं म्हणून तो पेटीच्या मागच्या बाजूला, भिंतीशी स्टूल टाकून बसला होता. पाळकांनी प्रार्थना केली. मी वाजवलं, लोक गायले. शेवटचं गीत संपलं, मी शेवटचे सूर धरले. मग एकेक बोट उचलून त्याच्या जागी एकेक वजन ठेवलं. सूर तसेच राहिले. मी उठले आणि कपाटाला वळसा घालून मागे गेले.

इतक्या वर्षांत मी त्या जागेत कधी शिरले नव्हते. दुरुस्ती चालू असतानाही दारातूनच बघितलं होतं, ती त्याची जागा होती. अरुंद, अंधारी, एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी. दांडा हाताच्या घासण्याने मधोमध बारीक झालेला. दोऱ्याला एक शिशाची गोळी टांगलेली, भाता भरला की ती खाली येते, रिकामा होऊ लागला की वर जाते. मी दांडा धरला, वरखाली केला, अंदाज घेतला आणि मग ब्लोअरचं बटण बंद केलं. आता हवा माझी होती. पहिल्या दांड्याला सुरात हिसका आला. दुसऱ्या दांड्याला आला. मी ओळखला तो.

आणि मग मला दिसलं. दोन लाकडी नळ्यांच्या मध्ये, डोळ्यांच्या उंचीवर एक फट आहे. तिच्यातून थेट वाजवणाऱ्याचं बाक दिसतं. म्हणजे मी त्याला दिसत होते. तीस वर्षं मला वाटत होतं की आम्ही एकमेकांना दिसत नाही, आणि मी त्याला दर रविवारी दिसत होते. भांडणाच्या दिवशीसुद्धा. त्याने मला कधी सांगितलं नाही.

बाक आता रिकामं होतं. पेटी वाजत होती.

दांडा सोडायचा होता. गोळीकडे बघत मी म्हणाले, हा शेवटचा. मग आणखी एक मारला. मग आणखी एक. माझा खांदा भरून आला, श्वास लागला, तरी हात थांबेना. मी सोडला की तो जाणार होता. इतके दिवस तो जावा म्हणून मी सगळ्या गावाला कामाला लावलं होतं, आणि आता मला तो जाऊ द्यायचा नव्हता. बाहेर सूर चालूच होते. मंडळीतलं कोणी उठलं नाही, कोणी खोकललंही नाही. रीतच तशी आहे, शेवटचा सूर विझेपर्यंत उठायचं नाही. मी रात्र होईपर्यंत भाता मारला असता तर ते बसून राहिले असते.

चाचा स्टुलावरून उठून दारात आला होता. त्याला एकट्यालाच मी दिसत होते. त्याने भात्याच्या शिवणीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, चामडं टिकंल. तुमचा हात न्हाई टिकायचा. सोडा आता. जाऊ द्या त्यास्नी."

मी दांडा सोडला. भाता बसायला लागला, गोळी सावकाश वर चढत गेली. बारीक नळ्या आधी गेल्या. मग मधल्या थरथरल्या आणि गेल्या. जाड लाकडी नळी उरली. मी फटीला डोळा लावून रिकाम्या बाकाकडे बघत उभी राहिले, तो उभा राहायचा तशी, आणि ती नळीही थांबली.